जगदंबा दिली तेव्हा राजा सातवीच्या वयाचा होता

सीपीआरच्या दारावरून तुम्ही हजारदा गेला असाल. त्या दगडी इमारतीचं जुनं नाव माहितीये? आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. हे आल्बर्ट एडवर्ड म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे थोरले चिरंजीव, त्या वेळचे प्रिन्स ऑफ वेल्स. कोल्हापूरने त्यांचं नाव दवाखान्याला दिलंच, पण त्याआधी त्यांना एक तलवार दिली. ती देणाऱ्या राजाचं वय होतं १२ वर्षं. आपले चौथे शिवाजी महाराज.

मूळ नाव नारायणराव भोसले, जन्म ५ एप्रिल १८६३. गादीवर होते राजाराम महाराज. ते इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत, फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं २०. पुढच्या वर्षी आठ वर्षांच्या नारायणरावांना दत्तक घेतलं गेलं आणि त्यांचे शिवाजी महाराज झाले. राजा अज्ञान, म्हणजे कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. मुलाने काय शिकायचं, कुणाला भेटायचं, हेही तेच ठरवणार.

नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स मुंबईत उतरले. राजेरजवाडे नजराणे घेऊन हजर झाले, त्यात आपले महाराजही होते. करवीरच्या शस्त्रागारातली हिरे-माणकं जडवलेली एक तलवार भेट म्हणून गेली. आता सांगा, असली वस्तू द्यायची की नाही हे सातवीतलं पोर ठरवतं होय? निर्णय मोठ्यांचा, नाव मात्र महाराजांचं लागलं.

ती तलवार आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. १९८० मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी भवानी तलवार परत आणायची घोषणा केली आणि ही लंडनची तलवार घराघरांत चर्चेला आली. पण ती भवानी आहे का? कोल्हापूरच्या अभ्यासकांनी जुनी दप्तरं धुंडाळून सांगितलं, ही जगदंबा.

तलवार ओळखतात कशी, ते इथे बघण्यासारखं आहे. जपानी तलवारीचं काम त्या मानाने सोपं. मुठीतली बांबूची खुंटी काढली की मूठ सुटते आणि आतल्या पोलादावर कारागिराची सही सापडते. तिथला जुना गंज जाणकार कधीच घासत नाहीत, कारण वय त्यावरूनच कळतं. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यात बनलेली असेल तर शिक्का आणि नंबर दिसतो, मग किंमत धाडकन खाली! आपल्याकडे पातं मुठीत राळ भरून पक्कं बसवायची पद्धत. ते सहज निघत नाही. त्यात मूठ बदललेली असू शकते, म्हणजे पातं एका पिढीचं आणि दागिने दुसऱ्या पिढीचे.

जगदंबेचं पातं सरळ, एकधारी. त्यावर आयएचएस ही तीन रोमन अक्षरं ठोकलेली आहेत. हे येशूच्या नावाचं चिन्ह. मग तलवार मराठ्यांची कशी? घाई करू नका. युरोपातली उत्तम पाती तेव्हा आपल्याकडे यायची आणि त्यांना इथे मूठ बसायची. अशा तलवारीला नावच होतं फिरंग. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून आणली, तिचंही पातं युरोपियनच. बरं, गाजलेल्या शिक्क्यांची नक्कलही व्हायची. त्यामुळे नुसतं चिन्ह बघून हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. शेवटी लागतो कागद. कोणत्या शिलेखान्यात होती, नोंदीत नाव काय, बाहेर कधी गेली. जगदंबेच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पक्कं आहे, आणि ते या मुलाच्या नावावर आहे.

त्या मुलाचं पुढे काय झालं? मोठे होता होता महाराजांना वेड लागल्याचं सरकारने जाहीर केलं. कारभारी महादेव बर्वे त्यांचा छळ करतात, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापलं. पुराव्याची पत्रं बनावट निघाली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातले ते १०१ दिवस तुम्ही शाळेत वाचलेत, पण ते ज्याच्यासाठी आत गेले त्या राजाचं नाव किती जणांना सांगता येईल?

महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. २५ डिसेंबर १८८३, नाताळचा दिवस. पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली, पोटावर मार बसला आणि महाराज गेले. चौकशीत ग्रीनला दोषी धरलं नाही. लोकांनी मात्र तो खूनच मानला, आणि माझ्या मते त्यात त्यांचं काही चुकलं नाही. वेडा ठरवलेल्या, निःशस्त्र माणसाला आवरायला एवढा मार कशाला लागतो?

महाराजांचं वय होतं २०, दत्तक वडिलांइतकंच. १८७७ पासून त्यांच्याच नावाच्या राजवटीत बांधला जात असलेला न्यू पॅलेस पुढच्या वर्षी पुरा झाला. त्याच वर्षी, १७ मार्चला, कागलचे यशवंतराव दत्तक आले. त्यांचं वय तेव्हा नऊ. नाव ठेवलं शाहू.