पार्वतीबाई आठवले

पार्वतीबाई आठवले (इ.स. १८७० – इ.स. १९५५) या मराठी समाजकार्यकर्त्या आणि आत्मचरित्रकार होत्या. पुण्याजवळील हिंगणे येथील अनाथ बालिकाश्रमासाठी त्यांनी आयुष्य वेचले. या संस्थेचे संस्थापक महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांच्या थोरल्या बहिणीचे पती होत. विसाव्या वर्षी वैधव्य आल्यावर रूढीप्रमाणे पार्वतीबाईंचे केशवपन झाले. सुमारे दोन दशके त्या विकेशा राहिल्या आणि चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी केस राखण्याचा निर्णय घेतला. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र महाराष्ट्रातील विधवाजीवनाच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे साधन मानले जाते.

बालपण आणि विवाह

पार्वतीबाईंचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूख येथे झाला. त्यांचे माहेरचे नाव कृष्णा बाळकृष्ण जोशी. जोशी कुटुंब कोकणातील इतर चित्पावन कुटुंबांसारखेच सोवळेओवळे पाळणारे आणि बेताच्या उत्पन्नात भागवणारे होते. घाटावर किंवा मुंबईस जाऊन शिकणे हे त्या काळी कोकणातील मुलांच्या वाट्याला येई. मुलींना मात्र अक्षरओळखही दुर्मिळ होती. कृष्णेचा भाऊ नरहरपंत शिक्षणासाठी मुंबईस गेला आणि तेथे त्याचा मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी स्नेह जडला. या स्नेहाने पुढे दोन्ही बहिणींच्या आयुष्याला वळण दिले.

वयाच्या अकराव्या वर्षी कृष्णेचा विवाह महादेव नारायण आठवले यांच्याशी झाला आणि ती पार्वती झाली. पती गोव्यात नोकरीस असल्याने संसाराची वर्षे गोव्यात गेली. त्यांना झालेल्या मुलांपैकी नारायण हा एकच मुलगा जगला. इ.स. १८९० मध्ये पतीचे निधन झाले आणि मुलाला घेऊन पार्वतीबाई देवरूखला माहेरी परतल्या.

वैधव्य आणि केशवपन

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि काही अन्य उच्चवर्णीय जातींत विधवेचे केशवपन करण्याची रूढी होती. केस असलेल्या विधवेला सकेशा आणि वपन केलेल्या विधवेला विकेशा किंवा सोवळी म्हणत. बालविधवेचे वपन काही घरांत ती वयात येईपर्यंत लांबवले जाई. मोठ्या वयाच्या स्त्रीस ही सवलत क्वचितच मिळे. वपन एकदाच होऊन संपत नसे. न्हावी ठरावीक दिवसांनी येई आणि घराच्या मागील बाजूस ते काम आटोपले जाई. पुढे आयुष्यभर तांबडे आलवण डोक्यावरून घ्यायचे, एकवेळ जेवायचे, मंगलकार्यात समोर यायचे नाही असा दंडक होता.

या रूढीच्या समर्थनार्थ काशीखंडातील वचनाचा आधार दिला जाई. विधवेने बांधलेला केशपाश परलोकी पतीला बंधन ठरतो, अशी समजूत त्यावर उभी होती. तिचा व्यवहारातील जोर मात्र स्वयंपाकघरात होता. सकेशा विधवेच्या हातचे पाणी देवाला किंवा श्राद्धाच्या स्वयंपाकाला चालत नसे. म्हणजे केस राखणारी स्त्री घरातल्या घरात बहिष्कृत होई आणि केस देणारीला सोवळ्याच्या कामात जागा मिळे. दुसऱ्याच्या घरी पोट भरणाऱ्या स्त्रीपुढे ही निवड ठेवली म्हणजे तिला निवड म्हणणेही कठीण आहे. पार्वतीबाई एका मुलासह माहेरच्या आश्रयाला आल्या होत्या. त्यांचे वपन झाले.

ज्या वर्षी त्या विधवा झाल्या, त्याच सुमारास या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. गोपाळ गणेश आगरकर 'सुधारका'तून केशवपनावर टीका करत होते. इ.स. १८९० मध्ये सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे वपन न करण्याची भूमिका घेतली. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून प्रसिद्ध होऊ लागली होती आणि तिच्या नायिकेच्या वाट्यालाही हाच प्रसंग येतो. यांपैकी कशाचाही देवरूखच्या घरावर त्या वेळी परिणाम झाल्याचे दिसत नाही. पुण्यामुंबईचे वर्तमानपत्री वाद आणि सह्याद्रीखालच्या गावातील माजघर यांत बरेच अंतर होते.

गोदूबाई आणि पार्वतीबाई

पार्वतीबाईंची थोरली बहीण गोदूबाई हिला आठव्या वर्षीच वैधव्य आले होते. तिची अनेक वर्षे सासरी राबण्यात गेली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा नरहरपंतांनी तिला तेथे दाखल केले. सदनातील ती पहिली विधवा विद्यार्थिनी होय. तेथे तिचे शिक्षण सुरू झाले, आणि तिने केसही वाढवले. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्या पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या.

विधवाविवाहाला इ.स. १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली होती, पण मुरूडच्या ग्रामस्थांनी कर्वे यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्यांच्या आईलाही त्याची झळ लागली. देवरूखच्या जोशी कुटुंबापुढे एकाच घरातल्या दोन विधवा मुलींच्या दोन वाटा उभ्या राहिल्या. एक सकेशा, शिकलेली आणि पुनर्विवाहित. दुसरी विकेशा, निरक्षरतेच्या जवळ आणि माहेरी. पार्वतीबाईंच्या चरित्राकडे बहिणीच्या चरित्राशेजारी ठेवूनच पाहावे लागते. थोरलीने जे विशीत आणि एका संस्थेच्या आश्रयाने केले, ते धाकटीला चाळिशीनंतर आणि बऱ्याच अंशी एकटीने करावे लागले.

पुण्यातील शिक्षण

बायांनी बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी आपल्याकडे घेतला आणि पुढे पार्वतीबाईही पुण्यास आल्या. त्या वेळी त्यांचे वय २६ च्या आसपास होते. ज्यांनी पुनर्विवाह केला त्यांच्या घरी राहायचे, तेही सोवळ्या विधवेने, ही गोष्ट कोकणातील नातेवाइकांना रुचणारी नव्हती. मुलाचे शिक्षण हे त्यामागचे मोठे कारण होते. स्वतःचे शिक्षण त्यांना जड गेले. लहान मुलींच्या वयाचे धडे त्यांनी प्रौढपणी गिरवले. मराठीत त्यांनी प्रगती केली, पण इंग्रजी मात्र काही केल्या येईना. ही खंत त्यांना पुढे फार दूरवर घेऊन गेली.

इ.स. १८९६ मध्ये कर्वे यांनी विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. इ.स. १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगणे येथे, गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर एका झोपडीत हलवण्यात आला. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत आणि हिंगण्यापर्यंतचे अंतर पायी तुडवत. पार्वतीबाई आश्रमाच्या कामात रुजू झाल्या आणि तेथील मुलींची देखरेख त्यांच्याकडे आली. इ.स. १९०८ मध्ये संस्थेच्या सेवकवर्गासाठी कर्वे यांनी निष्काम कर्ममठ स्थापन केला, तेव्हा त्यातही त्या सामील झाल्या.

वर्गणीची कामगिरी

पार्वतीबाईंचे मुख्य काम निधी गोळा करण्याचे. त्या गावोगाव फिरत, घरोघरी जात, स्त्रियांच्या आणि पुढे मिश्र सभांतूनही बोलत. एका विधवेने परगावी एकटीने जाऊन सभेत उभे राहणे हे त्या काळात नवल होते. मुळात औपचारिक शिक्षण थोडे असल्याने त्यांच्या बोलण्याला पुस्तकी वळण नव्हते, आणि ते त्यांच्या पथ्यावरच पडले. ज्या बायका पंडितांच्या व्याख्यानाला गेल्या नसत्या, त्या त्यांचे ऐकत.

या कामात त्यांचे मुंडण उपयोगी होते, ही बाब ध्यानात घ्यावी लागते. कर्वे यांनी स्वतः विधवेशी विवाह केला असल्याने सनातनी लोकांना आश्रमाविषयी संशय होता. आश्रमाचा उद्देश शिक्षण देण्याचा आहे, विवाह लावण्याचा नाही, हे त्यांना वारंवार सांगावे लागे. विधवाविवाहाच्या चळवळीपासून आश्रम वेगळा ठेवण्याचे धोरण त्यांनी मुद्दाम स्वीकारले होते. अशा संस्थेची झोळी घेऊन आलवणातील सोवळी बाई दारात उभी राहिली, तर परंपरानिष्ठ घरातही तिला पाट मिळे. लोकांचा विश्वास बसण्यास त्यांचा वेश कारणीभूत होता. म्हणूनच केस राखण्याचा प्रश्न त्यांच्यापुरता खासगी राहिला नाही. केस वाढवले तर दारे बंद होतील, वर्गणी आटेल आणि ज्या मुलींसाठी वर्गणी गोळा करायची त्यांचेच नुकसान होईल, ही भीती अवास्तव नव्हती.

केस राखण्याचा निर्णय

इ.स. १९१२ च्या सुमारास, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पार्वतीबाईंनी वपन थांबवले. त्यामागे पुनर्विवाहाचा विचार नव्हता. तो त्यांनी तरुणपणीही केला नाही. राहणीतील साधेपणाही त्यांनी सोडला नाही. विधवेने व्रतस्थ राहावे हे त्यांना मान्य होते. व्रताचा आणि वस्तऱ्याचा संबंध काय, हा त्यांचा प्रश्न होता. वैराग्य मनाचे असते आणि ते ज्याचे त्याने स्वीकारायचे असते. दुसऱ्याने सक्तीने डोक्यावर लादलेल्या खुणेने ते सिद्ध होत नाही, अशा दिशेने त्यांचा विचार गेला. पत्नी वारल्यावर पुरुषाकडून अशी कोणतीही खूण मागितली जात नाही, हेही त्यांना खटकत होते.

त्यातील आणखी एक अडचण सुधारकांच्या लिखाणात फारशी येत नाही. तरुण विधवेने केस राखले तर लोक त्याचा अर्थ लगेच लावत: तिला लग्न करायचे आहे. चाळिशी उलटलेल्या स्त्रीने इतक्या वर्षांनंतर केस राखले तर कोणताच अर्थ लागत नाही आणि ती चेष्टेचा विषय होते. शिवाय वाढणारे केस लपत नाहीत. निर्णय घेतल्याच्या दिवसापासून केस पुरेसे वाढेपर्यंतचे कित्येक महिने प्रत्येक भेटीत तो निर्णय नव्याने दिसत राहतो. पार्वतीबाईंना या काळात टीका ऐकावी लागली. तरीही त्यांनी माघार घेतली नाही आणि आश्रमाचे फिरतीचे कामही थांबवले नाही. केशवपनाविरुद्ध त्या उघडपणे बोलू लागल्या. ज्या रूढीतून आपण स्वतः गेलो तिच्याविषयी बोलणारी स्त्री सभेत दिसणे हे त्या काळी अपूर्व होते; तोवर या विषयावर बोलणारे बहुतेक पुरुषच होते.

त्यांनी तरुण विधवांना सक्तीने केस राखायला लावावे, असे मात्र कधी सुचवले नाही. आश्रमात सकेशा आणि विकेशा दोन्ही मुली राहत.

अमेरिकेचा प्रवास

इ.स. १९१६ मध्ये कर्वे यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली आणि निधीची गरज अनेक पटींनी वाढली. इंग्रजी शिकण्याची जुनी इच्छा पार्वतीबाईंच्या मनात होतीच. पहिले महायुद्ध चालू असताना, इ.स. १९१८ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी त्या अमेरिकेस गेल्या. जवळ पैसे थोडे होते आणि इंग्रजी तुटपुंजे. उदरनिर्वाहासाठी आणि भाषा कानावर पडावी म्हणून त्यांनी अमेरिकन कुटुंबांत घरकाम केले. शाकाहार त्यांनी सोडला नाही. परक्या देशात आजारपणही वाट्याला आले. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांना परिचित व साहाय्यक मिळाले, आणि विद्यापीठासाठी काही निधी जमवून सुमारे दोन वर्षांनी त्या परतल्या. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या समाजातील एका विधवेच्या दृष्टीने हा प्रवास केस राखण्यापेक्षाही मोठा नियमभंग होता. तरी त्यावर तितका गदारोळ झालेला दिसत नाही. मधल्या काही वर्षांत काळ बराच पुढे सरकला होता.

विचार

पार्वतीबाईंना सरसकट सुधारक म्हणणे अपुरे ठरते. स्त्रीचे खरे क्षेत्र घर आहे, असे त्यांचे मत होते आणि स्त्रीशिक्षणाने चांगली पत्नी आणि माता घडावी, अशी त्यांची अपेक्षा होती. अमेरिकेतील स्त्रियांचे स्वावलंबन आणि श्रमाविषयीचा आदर त्यांना भावला. तेथील कुटुंबजीवनातील सर्वच गोष्टी त्यांनी अनुकरणीय मानल्या नाहीत. आजच्या वाचकाला त्यांची काही मते जुनाट वाटतील. पण रूढीतील इतके सारे मान्य असलेल्या स्त्रीने केशवपनाचा नेमका भाग नाकारला, यामुळेच तिच्या नकाराला वजन येते.

माझी कहाणी

'माझी कहाणी' हे आत्मचरित्र इ.स. १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. देवरूखचे बालपण, गोव्यातील संसार, वैधव्य, आश्रमातील काम, केशवपनाविषयीचे विचार आणि अमेरिकेतील अनुभव त्यात साध्या, बोलक्या भाषेत आले आहेत. मराठी संतचरित्रांचे अनुवादक जस्टिन ॲबट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, ते इ.स. १९३० मध्ये न्यूयॉर्क येथे प्रकाशित झाले. बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' हे आत्मकथन त्यानंतर इ.स. १९४४ मध्ये आले. एकाच घरातील दोन बहिणींनी लिहिलेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचल्यास एकाच रूढीची दोन वेगवेगळ्या वयांतील आणि परिस्थितींतील रूपे दिसतात.

उत्तरायुष्य

अमेरिकेहून परतल्यावर पार्वतीबाईंनी हिंगण्याच्या संस्थेचे काम पुढे चालू ठेवले. इ.स. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. दारोदार फिरून रुपया-दोन रुपये गोळा करण्याचे दिवस त्यानंतर कमी झाले, तरी आश्रमाला ते पूर्णपणे सोडता आले नाहीत. बाया कर्वे यांचे इ.स. १९५० मध्ये निधन झाले. पार्वतीबाई त्यानंतर पाच वर्षे हयात होत्या. इ.स. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.