तेल होतं, गहू होता, तरीही रोमानिया उपाशी राहिला. कारण चाउशेस्कूला कर्ज फेडायचं होतं

ज्या देशात १८५७ पासून खनिज तेल काढलं जातं, तिथे पेट्रोलसाठी लोक रात्रभर रांगेत उभे राहतील, यावर विश्वास बसत नाही ना? पण १९८० च्या दशकातल्या रोमानियात हेच चित्र होतं. आणि त्यामागे एका माणसाचा निर्णय होता. निकोलाय चाउशेस्कू.

१९१८ मध्ये स्कॉर्निचेश्त गावातल्या गरीब शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वयाच्या ११ व्या वर्षी तो बुखारेस्टला आला आणि चांभाराच्या हाताखाली काम शिकू लागला. तिथेच तो बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या संपर्कात आला, तुरुंगातही गेला.

१९६५ मध्ये तो पक्षाचा प्रमुख झाला. १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, तेव्हा त्याने भर सभेत निषेध केला. लोक खूश झाले, पाश्चात्त्य देशही खूश झाले आणि त्यांनी कर्जासाठी हात सैल सोडले.

त्या पैशातून कारखाने उभे राहिले, तेल शुद्धीकरणाचे प्रकल्प उभे राहिले. घोळ इथेच झाला. या प्रकल्पांची क्षमता देशातल्या तेलापेक्षा जास्त होती. म्हणजे कच्चं तेल बाहेरून आणणं भाग होतं, आणि त्यातलं बरंचसं इराणमधून यायचं. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, तेलाचे भाव भडकले, पाठोपाठ व्याजदरही वाढले. १९८१ पर्यंत कर्ज १० अब्ज डॉलरच्या वर गेलं.

आता सावकार अटी घालणार, हे चाउशेस्कूला मान्य नव्हतं. त्याने ठरवलं, सगळं कर्ज लवकरात लवकर फेडायचं. कसं? जे विकता येईल ते परदेशात विकून. मांस, धान्य, पेट्रोल, सगळं.

पहिला फटका ताटाला बसला. १९८१ मध्ये पाव, साखर, खाद्यतेलावर रेशन आलं. महिनाभराच्या गरजेपेक्षा जास्त साठा घरात सापडला तर तुरुंगवासाची तरतूद झाली. १९८२ मध्ये खाद्यपदार्थांचे दर सरासरी ३५ टक्क्यांनी वाढवले. रोमानियन लोक जरुरीपेक्षा जास्त खातात, असा प्रचार करून सरकारने आहाराचा तक्ताच काढला. चांगलं मांस निर्यात व्हायचं, दुकानात डुकराचे पाय उरायचे. लोकांनी त्यांना नाव दिलं, आदिदास!

इंधनाचंही तेच. खासगी गाडीला महिन्याला साधारण ३० लिटर पेट्रोल. रविवारी सम-विषम नंबरनुसार गाड्या रस्त्यावर. बसच्या टपावर गॅसच्या टाक्या बसवल्या गेल्या. कडाक्याच्या थंडीत घरं गारठलेली आणि टीव्ही रोज जेमतेम दोन तास. त्याच वेळी राजधानीत चाउशेस्कूच्या अवाढव्य प्रासादाचं बांधकाम जोरात सुरू होतं.

१५ नोव्हेंबर १९८७. ब्राशोव शहरातले ट्रक कारखान्याचे कामगार पगारकपातीविरोधात पक्षाच्या कार्यालयावर चालून गेले. आत त्यांना काय दिसलं? मेजवानीचं जेवण. आंदोलन चिरडलं गेलं, पण राग विझला नाही.

एप्रिल १९८९ मध्ये कर्ज जवळपास पूर्ण फिटल्याची घोषणा झाली. आता तरी निर्यात थांबेल, असं लोकांना वाटलं. ती थांबली नाही, रांगाही हटल्या नाहीत. आठ महिन्यांनी टिमिशोआरात उठाव झाला, गोळीबारात माणसं मेली. २१ डिसेंबरला बुखारेस्टच्या सभेत जमावाने चाउशेस्कूची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरने पळाला आणि पकडला गेला. २५ डिसेंबरला तासाभराचा खटला चालवून त्याला पत्नी एलेनासह गोळ्या घातल्या.

नव्या सरकारने सुरुवातीलाच अन्नधान्याची निर्यात थांबवली. काही दिवसांतच दुकानांत मांस, कॉफी, संत्री दिसू लागली.

म्हणजे माल देशात होताच. फक्त तो रांगेतल्या माणसासाठी नव्हता.