नाव हिरोजी, गाव जपान : मुंबईत येऊन टेबल टेनिसचं रबरच बदलून गेलेल्या माणसाची गोष्ट

नागपुरात प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या पट्ट्यात टीटी खेळणारे पोट्टे एकत्र आले की एक वाद हमखास रंगतो. फोरहँडला रबर कुठलं लावायचं? एकाला चिकट चायनीज रबरच पाहिजे असतं. दुसऱ्याला जपानी नाहीतर जर्मन रबराची उसळी आवडते. तिसरा दोन्हींच्या मधला हायब्रीड रबराचा पर्याय सुचवतो. वाद तिघांचा, खर्च मात्र आईबाबांचा.

या वादाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. मॅच खेळाडू जिंकतो की रबर?

हा प्रश्न जगाला पहिल्यांदा जोरात पडला तो आपल्या महाराष्ट्रात, १९५२ च्या फेब्रुवारीत. आणि तो पाडणाऱ्या माणसाचं नाव होतं हिरोजी.

हिरोजी म्हटलं की आपल्याला रायगड बांधणारे हिरोजी इंदुलकर आठवतात. पण हे हिरोजी जपानचे. पूर्ण नाव हिरोजी सातो. जन्म १९२५ सालचा, जपानच्या मुख्य बेटाच्या अगदी उत्तर टोकाला असलेल्या आओमोरी प्रांतातला. हा भाग बर्फासाठी आणि सफरचंदांसाठी ओळखला जातो. सातोनं विशी गाठली त्याच वर्षी दुसऱ्या महायुद्धात जपाननं शरणागती पत्करली. त्यानंतर देशावर दोस्त राष्ट्रांच्या फौजांचा ताबा आला. तो संपला १९५२ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे सातो मुंबईत खेळायला आला, तेव्हा त्याचा देश अजून पूर्णपणे स्वतंत्रही झाला नव्हता.

टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा आशियात भरण्याची ती पहिलीच वेळ होती. जपानचा संघही या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. तेव्हा या खेळावर राज्य होतं युरोपचं. हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि इंग्लंडचे खेळाडू आलटून पालटून जिंकायचे. आदल्या वर्षी पुरुष एकेरीचा विजेता होता इंग्लंडचा जॉनी लीच. अमेरिकेचा मार्टी रीझमनही तगडा दावेदार मानला जात होता. चष्मा लावणाऱ्या, शिडशिडीत सातोकडे कुणाचं लक्ष जावं असं काहीच नव्हतं. जपानच्या संघातसुद्धा नोरिकाझू फुजीसारखं मोठं नाव होतंच.

लक्ष गेलं ते त्याच्या बॅटकडे.

त्या काळात सगळ्यांच्या बॅटी जवळपास सारख्याच असायच्या. लाकडी फळी आणि त्यावर दाणेदार रबराचा पातळ थर. बॉल लागला की टक् असा आवाज व्हायचा. खेळाडूंचे कान या आवाजाला इतके सरावलेले असत, की समोरच्यानं किती जोरात मारलंय याचा अंदाज डोळ्यांआधी कानांना यायचा.

सातोच्या बॅटवर होता जाड स्पंज. वरून रबर नाही, दाणे नाहीत, नुसता फोम. बॅट धरायची पद्धतही जपानी, म्हणजे आपण पेन धरतो तशी. बॉल त्या स्पंजवर आला की आत रुतायचा. दाबलेला स्पंज पूर्ववत होताना बॉलला गलोलीसारखा बाहेर फेकायचा. त्यामुळे हात फारसा न फिरवताही बॉलला वेग मिळायचा. वर आवाज जवळपास शून्य. समोरच्याचे कान एकदम निकामी. बॉल कधी सुटला, किती वेगानं येतोय, काही पत्ताच लागायचा नाही.

रीझमन मुंबईतच सातोकडून हरला. फायनलमध्ये हंगेरीचा योझेफ कोचियान हरला. एकेरीतला पहिला बिगर-युरोपीय पुरुष विश्वविजेता मुंबईत तयार झाला. जपाननं याच स्पर्धेत पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिला सांघिक अशी आणखी तीन विजेतेपदं पटकावली. पुरुष सांघिकमध्ये ब्राँझही मिळवलं. युद्धात होरपळलेल्या देशासाठी ही गोष्ट किती मोठी असेल, याचा विचार करा.

पण कौतुकासोबत वादही सुरू झाला. जिंकलं कोण, सातो की त्याचा स्पंज? जुन्या बॅटवर वाढलेल्यांना हा खेळच वाटेना. रीझमन तर आयुष्यभर दाणेदार रबराच्या जुन्या बॅटचा पुरस्कार करत राहिला. १९९७ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यानं त्याच जुन्या पद्धतीच्या बॅटनं खेळली जाणारी अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दाखवली.

इकडे सातोचं काय झालं? जागतिक एकेरीचं विजेतेपद त्याला पुन्हा मिळालं नाही. १९५३ च्या जागतिक स्पर्धेत जपान उतरलाच नाही. १९५४ ला लंडनमध्ये जपानचा झेंडा पुन्हा फडकला, पण तो फडकवणारा होता नवा पोरगा, इचिरो ओगिमुरा.

स्पंज ओगिमुराकडेही होता. पण त्यानं त्याला पायांची जोड दिली. टेबलाच्या कोणत्याही कोपऱ्यात बॉल येवो, धावत जाऊन फोरहँडनंच मारायचा, ही जपानी पद्धत त्याच्या खेळात पुरती उतरली होती. ओगिमुरानं १९५४ आणि १९५६ चं, तर त्याचाच देशबंधू तोशिआकी तानाकानं १९५५ आणि १९५७ चं एकेरीचं विजेतेपद जिंकलं. स्पंज आता गुपित राहिला नव्हता. ज्याला हवा त्याला तो मिळत होता. मग फरक पडत होता तो पाय आणि हात कुणाचे, यानं.

शेवटी १९५९ साली आंतरराष्ट्रीय महासंघानं नियम केला. नुसत्या स्पंजची बॅट बाद. स्पंज वापरायचा असेल तर त्यावर रबराचा थर हवाच, आणि दोन्ही मिळून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे ज्या बॅटनं सातो विश्वविजेता झाला, ती सात वर्षांत बेकायदा ठरली. आज ती बॅट घेऊन कुणी साध्या जिल्हा स्पर्धेत उतरलं, तरी पंच ती बाजूला ठेवायला लावतील.

पण सातोचा स्पंज मेला नाही, तो फक्त रबराच्या खाली गेला. आज दुकानात मिळणारं जवळपास प्रत्येक रबर म्हणजे हीच जोडी आहे. खाली उसळी देणारा स्पंज, वर बॉलला पकडणारा थर. सगळी भांडणं या दोघांच्या प्रमाणावरून.

चीननं या जोडीत वरच्या थरावर भर दिला. शांघायच्या डबल हॅपिनेस कंपनीचं, म्हणजे डीएचएसचं हरिकेन ३ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. मा लाँगसारख्या ऑलिंपिक विजेत्याच्या फोरहँडला हेच रबर. वरचा थर इतका चिकट, की बॉल दाबून बॅट उलटी केली तर क्षणभर तो तसाच लटकतो. खाली स्पंज मात्र कडक. त्यामुळे सर्व्हिस, पुश आणि हळू घासून मारलेल्या टॉपस्पिनवर जबरदस्त फिरकी मिळते. नेटजवळचा छोटा बॉल उसळत नाही, हवा तिथे ठेवता येतो. पण वेग हवा असेल तर कंबर, खांदा, हात सगळं फिरवून तो कडक स्पंज दाबावा लागतो. अर्धवट हात फिरवला तर बॉल मेल्यासारखा जातो.

बटरफ्लायच्या टेनर्जीसारखी रबरं याच्या उलट. वरचा थर चिकट नाही, पण पकड चांगली. खाली उसळणारा स्पंज. कमी ताकदीतही बॉल पळतो, टेबलापासून लांब गेल्यावर मदत होते. पण छोट्या बॉलवर हीच उसळी अंगाशी येते. डिग्निक्स ०९सी सारखी हायब्रीड रबरं या दोन्हींचा मध्य साधतात, वर थोडा चिकटपणा आणि खाली उसळी. मात्र मध्य साधण्याची किंमतही मोजावी लागते. चायनीज रबर त्या मानानं बरंच स्वस्त पडतं.

त्यात नागपूरचं हवामान. उन्हाळ्यात धूळ उडते, आणि चिकट रबर धूळ पहिल्यांदा ओढून घेतं. धूळ बसली की चिकटपणा गेला. म्हणून खेळून झाल्यावर ओल्या स्पंजनं पुसून, वर प्लास्टिकची फिल्म लावून ठेवावं लागतं. तापलेल्या गाडीत बॅट विसरली तर कुठलंच रबर टिकत नाही. पावसाळ्यात दमट हवेचा थर बसला की बॉल घसरतो, तेव्हा कोरडं फडकं जवळ हवं.

मग घ्यायचं कुठलं? ज्याचा फोरहँड पूर्ण फिरतो, पाय हलतात, आठवड्यातून चार-पाच दिवस सराव होतो, त्याला चिकट रबर फळ देतं. ज्याचा स्ट्रोक अजून बसायचाय, त्यानं मऊ स्पंजचं साधं, पकड असलेलं रबर घ्यावं. केवळ मा लाँग वापरतो म्हणून कडक रबर घेतलं, तर खांदा दुखेल आणि बॉल नेटमध्ये जाईल.

हिरोजी सातोचं निधन २००० सालच्या जूनमध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी झालं. तोवर त्याची बॅट बाद होऊन चार दशकं उलटली होती. १९५२ मध्ये जगाला न कळलेली एक गोष्ट त्याच्या आयुष्याकडे पाहिलं की कळते. रबर तुम्हाला समोरच्यापेक्षा पुढे नेतं, पण समोरचाही तेच रबर विकत घेईपर्यंतच. त्यानंतर उपयोगाला येतो तो कमावलेला हात. तो दुकानात मिळत नाही, आणि त्याच्यावर बंदीही घालता येत नाही.