जमनालाल बजाज

जमनालाल बजाज (४ नोव्हेंबर, इ.स. १८८९:काशी का बास, सीकर, राजस्थान - ११ फेब्रुवारी, इ.स. १९४२:वर्धा, महाराष्ट्र) हे भारतीय उद्योजक, स्वातंत्र्यसैनिक आणि महात्मा गांधींचे निकटचे सहकारी होते. बजाज उद्योगसमूहाचे ते संस्थापक होत. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे खजिनदारपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. स्वातंत्र्यचळवळीत त्यांना अनेकदा कारावास घडला. त्यांपैकी १९३२ सालचा विसापूर व धुळे येथील कारावास विशेष उल्लेखनीय आहे. कारण कैद्याची ऐपत पाहून सोयी ठरविण्याचा तो काळ असूनही या धनाढ्य व्यापाऱ्याने त्या वेळी सामान्य कैद्याचे जिणे अनुभवले.

सुरुवातीचे जीवन

जमनालाल यांचा जन्म जयपूर संस्थानातील सीकर ठिकाण्यात एका साध्या मारवाडी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव कनीराम, तर आईचे बिरदीबाई. वर्ध्याचे धनिक व्यापारी शेठ बच्छराज यांच्या घराण्यात नातू म्हणून ते बालपणीच दत्तक गेले. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. सतराव्या वर्षी बच्छराज यांच्याशी खटका उडाला, तेव्हा त्यांनी संपत्तीवरील हक्क सोडत असल्याचे पत्र लिहून घर सोडले. पुढे समजूत पटून ते परतले, तरी आपल्या हाती आलेल्या धनाचे आपण केवळ विश्वस्त आहोत, ही त्यांची भावना कायम राहिली. त्यांचा विवाह जानकीदेवी यांच्याशी झाला.

ब्रिटिश सरकारने त्यांना रायबहादुर हा किताब दिला होता. असहकार आंदोलनाच्या काळात त्यांनी तो परत केला. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. आपल्याला पाचवा पुत्र मानावे, अशी विनंती त्यांनी गांधीजींना केली व ती मान्य झाली. १९२१ मध्ये त्यांच्या आग्रहावरून वर्ध्यात सत्याग्रह आश्रमाची शाखा निघाली आणि तिच्या व्यवस्थेसाठी विनोबा भावे तेथे आले. वयाने लहान असलेल्या विनोबांना जमनालाल गुरुस्थानी मानीत.

झेंडा सत्याग्रह आणि दंडवसुली

१९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहाचे नेतृत्व जमनालाल यांच्याकडे होते. त्यांना अठरा महिन्यांची कैद व तीन हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दंड भरण्यास त्यांनी नकार दिला. ही रक्कम त्यांना जड नव्हती. पण दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, असे सत्याग्रहींचे धोरण होते. सरकारने त्यांची मोटार जप्त केली, परंतु नागपुरात लिलावाच्या वेळी बोली लावण्यास कोणी पुढे आले नाही आणि अखेर ती प्रांताबाहेर नेऊन विकावी लागली. सत्याग्रहाची तड लागल्यावर मुदतीपूर्वीच त्यांची सुटका झाली.

मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ले येथील छावणीची जबाबदारी त्यांच्यावर होती. एप्रिल १९३० मध्ये त्यांना अटक होऊन नाशिकच्या तुरुंगात पाठविण्यात आले.

तुरुंगातील वर्गवारी

लाहोरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांना योग्य वागणूक मिळावी या मागणीसाठी उपोषण करणारे जतींद्रनाथ दास १३ सप्टेंबर १९२९ रोजी मृत्यू पावले. त्यानंतर फेब्रुवारी १९३० मध्ये सरकारने कैद्यांची ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ अशी वर्गवारी जाहीर केली. पूर्वीचा वंशभेद त्यामुळे कागदोपत्री गेला. मात्र त्याच्या जागी सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीमान हे निकष आले. वरच्या वर्गांना बरे अन्न, वेगळी जागा, वाचनाची साधने आणि अधिक पत्रे व भेटी मिळत. ‘अ’ वर्गातील कैद्यास काही वस्तू स्वतःच्या खर्चाने आणविता येत. ‘क’ वर्गास तुरुंगाचे कपडे, भाकरी, डाळ व भाजी आणि ठरवून दिलेले काम. घरी पत्र पाठविण्याची संधीही क्वचित येई. सत्याग्रहींपैकी बहुसंख्य लोक याच वर्गात असत, म्हणून एकाच कायद्याखाली शिक्षा झालेले दोघे एकाच तुरुंगात दोन तऱ्हांनी जगत. राजकीय कैद्यांसाठी मागितलेली सवलत अशा रीतीने प्रतिष्ठित कैद्यांची सवलत ठरली, असे म्हणावयास जागा आहे.

ही व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे टिकली. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय कारागृह सुधारणा समितीने (१९८०–८३) सामाजिक व आर्थिक दर्जावर आधारलेली वर्गवारी बंद करण्याची शिफारस केली. महाराष्ट्रातील कारागृहांत आज कैद्याला घरून आलेल्या मनिऑर्डरीच्या पैशांतून कँटीनमधील वस्तू घेता येतात, पण त्या खर्चाला मर्यादा घातलेली असते. दूरध्वनीची सोयही नियमांनी बांधलेली आहे. ज्याच्या घरून मनिऑर्डर येत नाही, त्याच्यापुढील प्रश्न मात्र जुनाच आहे.

विसापूर आणि धुळे

१९३२ च्या आरंभी सविनय कायदेभंग पुन्हा सुरू होताच जमनालाल यांना अटक झाली. सक्तमजुरीची शिक्षा होऊन त्यांना ‘क’ वर्गात ठेवण्यात आले. प्रथम अहमदनगर जिल्ह्यातील विसापूर येथे व नंतर धुळ्याच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. राहणीमानाचा निकष लावला असता, तर त्यांच्याइतका ‘अ’ वर्गास पात्र कैदी विरळाच सापडला असता. ‘क’ वर्गात त्यांच्या पेढीवरील रकमेचा काही उपयोग नव्हता.

धुळे हे तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. साक्री, शिरपूर, नंदुरबार, शहादे हे तालुके याच जिल्ह्यात मोडत. या तुरुंगात त्या वर्षी विनोबाही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून चळवळीत आलेले साने गुरुजी ती लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या टिपणांतून सिद्ध झाला. श्रोत्यांमध्ये जमनालालही बसत. वर्ध्यात ज्यांच्या आश्रमाचा खर्च त्यांनी उचलला, त्यांच्याच शेजारी ते येथे तुरुंगाचे अन्न खात होते.

या कारावासात त्यांची प्रकृती खालावली आणि कानाच्या विकाराने उचल खाल्ली. पुढे त्यांना येरवड्यास हलविण्यात आले. १९३३ मध्ये त्यांची सुटका झाली.

उत्तरायुष्य

वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी १९२८ मध्येच अस्पृश्यांसाठी खुले केले होते. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावी राहण्यास गेले. या गावाची मालगुजारी जमनालाल यांच्याकडे होती. पुढे त्याचेच सेवाग्राम झाले. जयपूर संस्थानातील प्रजामंडळाच्या लढ्यात १९३९ मध्ये ते स्थानबद्ध होते. वैयक्तिक सत्याग्रहातही त्यांना नागपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले, मात्र प्रकृतीच्या कारणास्तव मुदतीपूर्वी सोडावे लागले. अखेरच्या काळात त्यांनी गोसेवेच्या कार्यास वाहून घेतले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्धा येथे त्यांचे निधन झाले.

भारतीय टपाल खात्याने १९७० मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्या नावाने जमनालाल बजाज पुरस्कार दिला जातो.