सदिच्छेचे धनी : बेंजामिन फ्रँकलिन

परराष्ट्राशी तह करण्यास मुत्सद्देगिरी पुरते. त्या राष्ट्राचे अंतःकरण जिंकण्यास मात्र मनुष्याची पुण्याई लागते. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचे एक धुरीण बेंजामिन फ्रँकलिन यांच्या चरित्रात या दोन्ही गोष्टींचा दुर्मिळ संगम आढळतो.

१७०६ च्या जानेवारीत बोस्टन येथे, साबण व मेणबत्त्या करणाऱ्या एका कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. सतरा भावंडांत ते पंधरावे. शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षांचे. बाराव्या वर्षी ते वडील बंधूंच्या छापखान्यात उमेदवारीस लागले आणि सतराव्या वर्षी घर सोडून फिलाडेल्फियास गेले. तेथे मुद्रक व पत्रकार म्हणून त्यांनी नाव मिळविले. विजेवरील प्रयोगांमुळे त्यांची कीर्ती युरोपात पसरली आणि १७५३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक अर्पण केले. पुढे फ्रान्समध्ये त्यांच्या उपयोगी पडली ती हीच पूर्वार्जित कीर्ती.

१७७६ च्या डिसेंबरात सत्तरीतले फ्रँकलिन फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या नवजात राष्ट्रापाशी ना पुरेसा दारूगोळा होता ना द्रव्य. याचक म्हणून आलेल्या या वृद्धाने याचना मात्र केली नाही. पॅरिसजवळील पासी या गावी ते राहिले, तेथील विद्वानांत मिसळले, तेथील रीतिरिवाज त्यांनी आदराने पाळले. भरजरी पोशाखांच्या त्या नगरीत साधा अंगरखा आणि केसाळ कातड्याची टोपी घालून ते वावरले. लोकांना त्यांचा इतका लळा लागला की, तपकिरीच्या डब्यांवरही त्यांची चित्रे झळकू लागली.

फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री व्हर्जेन हे व्यवहारी गृहस्थ होते. इंग्लंडला नमविण्याची त्यांची इच्छा होती. परंतु हरणाऱ्या पक्षाशी हातमिळवणी करण्यास ते तयार नव्हते. फ्रँकलिन यांनी धीर धरला. १७७७ च्या ऑक्टोबरात साराटोगा येथे इंग्रज सेनापती बर्गॉइन शरण आला आणि ६ फेब्रुवारी १७७८ रोजी मैत्रीचा तह झाला. याच सुमारास सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुणे दरबारीही आला होता. नाना फडणीसांनी त्याचे स्वागत केले, इंग्रज सचिंत झाले. परंतु त्या वाटाघाटींतून मराठ्यांच्या हाती फ्रेंच फौज काही आली नाही.

मिळविलेली सदिच्छा राखणे अधिक कठीण असते. सहकारी जॉन अ‍ॅडम्स यांच्या उतावळ्या व रोखठोक पत्रांनी १७८० मध्ये व्हर्जेन इतके दुखावले की, त्यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहारच थांबविला. फ्रँकलिन यांची खरी कसोटी १७८२ च्या नोव्हेंबरात लागली. अमेरिकन वकिलांनी फ्रान्सला न विचारता इंग्लंडशी तहाच्या प्राथमिक कलमांवर सह्या केल्या. व्हर्जेन यांनी नापसंती कळविताच फ्रँकलिन यांनी शिष्टाचारात उणीव राहिल्याचे मोकळेपणाने मान्य केले आणि या लहानशा गैरसमजाने इंग्रजांनाच आनंद होईल, हेही नम्रपणे सुचविले. मैत्री तुटली नाही. उलट साठ लक्ष लिव्हरचे नवे कर्ज मंजूर झाले! ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसच्या तहाने अमेरिकेच्या स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब झाले.

या युद्धखर्चाचा भार फ्रान्सच्या खजिन्यास पेलला नाही आणि १७८९ च्या राज्यक्रांतीच्या कारणांत त्याचीही गणना होते. १७ एप्रिल १७९० रोजी फ्रँकलिन निवर्तले. साहाय्य देणाऱ्या राजाची सत्ता तोवर क्षीण झाली होती. तरीही फ्रान्सच्या नव्या राष्ट्रसभेने त्यांच्यासाठी तीन दिवसांचे सुतक पाळले. दरबाराशी झालेला तह दरबाराबरोबर लयास जातो. लोकांच्या मनात रुजलेला स्नेह राजवट पालटली तरी टिकतो, याची साक्ष ते तीन दिवस देतात.