बाजरीची भाकर मागायला लाजलेली पंडिता, आणि केडगावच्या दोन हजार लेकी

पाली (जि. बीड) : 5 एप्रिल ही पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी. आपल्या भागातल्या ज्या टोळ्या दौंड तालुक्यातल्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात, त्यांना केडगाव नवं नाही. पुणे-दौंड रेल्वे लाईनवरचं ते गाव. त्याच गावात रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. कोयता घेऊन जाणाऱ्या किती जणांना ही बाई कोण होती ते माहीत असेल, सांगता येत नाही. म्हणून हे लिहितोय.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईला संस्कृत शिकवणं पाप समजलं जायचं त्या काळात त्यांनी बायकोला शिकवलं, आणि त्या आईनं रमाबाईंना. पोटापाण्याचं साधन एकच, तीर्थाच्या गावी बसून पुराण सांगायचं आणि लोक जे देतील त्यावर भागवायचं. असं हे कुटुंब वर्षानुवर्षं पायी फिरलं.

मग दुष्काळ आला. होतं नव्हतं ते विकून खाल्लं. दुष्काळ आपल्याला कोणी सांगायला नको, पण या घरची अडचण वेगळी होती. आपल्याकडं पाणी आटलं की माणूस उचल घेतो, बैलगाडी जुंपतो, मिळेल त्या कामाला जातो. यांना अंगमेहनतीचं काम येत नव्हतं आणि हलकं काम करायची, हात पसरायची लाज वाटायची. शास्त्र्याच्या घरानं मजुरी कशी करायची? हा अभिमान त्यांना फार महाग पडला. 1874 मध्ये वडील गेले. थोड्याच महिन्यांत आई अंथरुणाला खिळली.

आजारी आईला बाजरीच्या भाकरीची इच्छा झाली. शेजारच्या बाईकडून तुकडाभर मागून आण म्हणून तिनं रमाबाईंना पाठवलं. रमाबाई गेल्या, पण तोंडातून शब्द निघेना. हजारो श्लोक पाठ असलेल्या मुलीची जीभ एका भाकरीसाठी वळली नाही. रडू दाबून तशाच उभ्या राहिल्या. त्या बाईनंच ओळखलं आणि भाकर हातात दिली. ही गोष्ट रमाबाईंनी पुढं स्वतः लिहून ठेवली. आपली अशी गोष्ट कोण लिहून ठेवतं हो?

आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोघं तयार झाले, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या, तिरडी खांद्याला पुरेना, म्हणून डोक्यावर घेऊन चालल्या. मागोमाग थोरली बहीणही गेली.

1878 मध्ये बहीण-भाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. देशभर नाव झालं. पुढं भाऊ वारला. लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि 1882 मध्ये नवराही गेला. वय अवघं 23, अंगावर लेकरू. त्या पुण्यात आल्या, बायांसाठी आर्य महिला समाज काढला आणि 1883 मध्ये शिकायला इंग्लंडला गेल्या.

तिथं ख्रिस्ती जोगिणी, म्हणजे सिस्टर्स, समाजानं टाकलेल्या बायांचा सांभाळ करताना त्यांनी पाहिल्या. घरंदाज बाया अशा बायांजवळ बसतात, त्यांचं करतात, याचं त्यांना नवल वाटलं. हे कशामुळं, असं विचारल्यावर विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट कळली. जिच्या हातचं पाणी कोणी प्यायचं नाही तिच्याकडं येशूनं पाणी मागितलं, ती. मला वाटतं, मागता न आलेली ती भाकर तेव्हा रमाबाईंना आठवली असणार. 29 सप्टेंबर 1883 ला वांटेज गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण नम्र झाल्या म्हणजे मान खाली घालणाऱ्या झाल्या, असं समजू नका. पटलं नाही तर त्या पाद्र्यांशीही वाद घालायच्या. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून 1893 मध्ये मोठा गदारोळ झाला. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, लोकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम सोडलं नाही.

1896-97 ला पुन्हा दुष्काळ पडला, मध्य प्रांतात. आता त्या स्वतः तिकडं गेल्या आणि उपाशी, आजारी मुली गोळा करून शेकड्यानं घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे नियम कडक, एवढ्या मुली ठेवायला मनाई. मग केडगावच्या त्यांच्या माळावर झोपड्या पडल्या, तेच मुक्ती सदन. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या. मुली शेती, दूध-दुभतं, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, छापखाना शिकल्या. आंधळ्या मुलीही बोटांनी वाचायला आणि हातानं विणायला शिकल्या. जात कुठलीही असो, प्रत्येकीच्या हाताला काम. आपल्या घरात जे नव्हतं, ते रमाबाईंनी या मुलींना आधी दिलं.

आपल्या पालीच्या डोंगरालाही एचआयव्हीसोबत जगणाऱ्या लेकरांचं घर आहे. दुसऱ्याच्या लेकराचं रोजचं अंघोळ-पांघरूण करणं काय असतं, ते तिथं जाऊन आलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. केडगावात हे दोन हजारांचं होतं.

शेवटची जवळजवळ अठरा वर्षं रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आणि ज्या संस्कृतनं त्यांना पंडिता केलं, त्यातलेच जड शब्द त्या वेचून बाजूला काढत राहिल्या. खेड्यातल्या, नुकतं अक्षर ओळखू लागलेल्या बाईला वाचता आलं पाहिजे, एवढाच हिशोब. माझ्या मते हे काम दुष्काळात फिरण्यापेक्षा अवघड. कमावलेली विद्या दाखवायची नाही, हे कोणाला जमतं?

1921 मध्ये मनोरमा गेली. संस्था पुढं तीच चालवणार होती. पुढच्या वर्षी, 5 एप्रिल 1922 ला, केडगावातच रमाबाई वारल्या. सबंध बायबल बाहेर पडलं 1924 मध्ये. छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, आणि त्याचे खिळे जुळवले दुष्काळातून आलेल्या बाया-पोरींनी.