रुग्णाच्या आप्तांचे आश्रयदाते : संत गाडगेबाबा

वऱ्हाडच्या या पुण्यभूमीत अनेक संत-महात्मे होऊन गेले. त्यांपैकी संत गाडगेबाबांचे स्मरण होताच हाती खराटा आणि मातीचे गाडगे घेतलेली मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते. त्यांच्या कार्याचा एक पैलू मात्र काहीसा दुर्लक्षित राहिला आहे. तो म्हणजे रुग्ण व त्याचे आप्त यांच्याविषयीची त्यांची करुणा.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले आणि आजोळी दापुरे येथे ते वाढले. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. पुढे १९२३ मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन सुरू असता एकुलत्या एक पुत्राच्या, गोविंदाच्या निधनाची वार्ता आली. बाबांनी कीर्तन खंडित केले नाही. स्वतःचा शोक त्यांनी अंतरी ठेवला; इतरांच्या शोकाकडे मात्र कधी पाठ फिरवली नाही.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रुग्ण येत. रुग्णास खाट मिळे. परंतु सोबतच्या माता-पित्यांनी रात्र कोठे काढावी? बाबांनी ही अडचण ओळखली आणि १९५४ मध्ये तेथे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. हीच परंपरा पुढे दादर येथील धर्मशाळेने चालविली. कर्करोगावरील उपचारांसाठी येणाऱ्या असंख्य कुटुंबांना तिने आसरा दिला आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी आजारी अवस्थेत अमरावतीकडे नेत असताना वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर बाबांची प्राणज्योत मालवली.

आपल्या शास्त्रांत वैयावृत्त्य हे अंतरंग तप मानले आहे. आचार्य समंतभद्रांनी श्रावकाचारात मुनिसेवेच्या संदर्भात आहार, औषध व उपकरण यांच्या जोडीने आवासदानही सांगितले आहे. हाच सेवाभाव बाबांनी सामान्य रुग्णाच्या दारी नेला.

तिवसा परिसरातील कुटुंबे आजही उपचारांसाठी अमरावती-नागपूरची वाट धरतात. घरी मृत्यू झाल्यावर सांत्वनास आपण सारे जातो; पण तत्पूर्वीच्या दीर्घ रात्री आप्तजन एकटेच काढतात. त्या रात्री कोणी डबा पोहोचवावा, कोणी उशाशी बसून थकलेल्या मुलास घटकाभर निजू द्यावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने एवढा संकल्प केला, तरी बाबांच्या स्मृतीस ते खरे अभिवादन ठरेल.